सेंद्रिय तूरडाळीच्या पाकिटावरची चिन्हं कोण देतं, शेतावर कोण जातं?

प्रश्न असा आहे: दुकानात साधी तूरडाळ आणि 'सेंद्रिय' तूरडाळ शेजारी ठेवलेली, भाव जवळजवळ दुप्पट, पाकिटावर दोन-तीन हिरवी चिन्हं. ती कोण देतं, आणि खरंच कुणी शेतावर जाऊन बघतं का? विदर्भातल्या एका शेतकरी गटात अंतर्गत तपासणीचं काम मी काही वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बघतात. पण डाळीकडे कमी आणि कागदांकडे जास्त. त्याला कारणही आहे. डीएपी (रासायनिक खत) टाकलेल्या शेतातली तूर आणि शेणखतावरची तूर यांतला फरक नेहमीच्या प्रयोगशाळा तपासणीत दिसत नाही. कीटकनाशकाचा अंश सापडतो, तोही सापडला तर. शिवाय सेंद्रिय मालात अंश शून्यच हवा असंही नाही. शेजारच्या फवारणीचा वारा येतोच. साध्या मालाला जी कमाल मर्यादा असते तिच्या 5 टक्के, किंवा यंत्राला मोजता येईल ती किमान पातळी, यांतलं जे जास्त असेल तेवढं चालतं. म्हणून 'सेंद्रिय' हा शिक्का डाळीवर नसून ती कशी पिकवली त्यावर असतो.

आता चिन्हं. 'इंडिया ऑरगॅनिक' हे एनपीओपीचं, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं. वाणिज्य मंत्रालयाचा 2001 पासूनचा हा कार्यक्रम अपेडा (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) चालवते. मुळात निर्यातीसाठी आखलेला, त्यामुळे तपासणी त्रयस्थ प्रमाणन संस्थेकडून होते. दुसरं पीजीएस-इंडिया (सहभागी हमी पद्धत), कृषी मंत्रालयाचं. यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, खर्च जवळजवळ नाही. त्यातलं 'पीजीएस-ग्रीन' दिसलं तर शेत अजून रूपांतरणाच्या, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे असं समजा. तिसरं 'जैविक भारत', एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. त्यासाठी वेगळी शेत-तपासणी नसते. वरच्या दोनपैकी एक प्रमाणपत्र असलं की ते लावता येतं. एफएसएसएआयचे सेंद्रिय अन्नाचे नियम 2017 चे. पाकिटावर 'सेंद्रिय' लिहायचं तर त्या दोनपैकी एक प्रमाणपत्र हवंच (छोट्या शेतकऱ्याला सूट आहे, ती खाली सांगतो).

तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते तुरीवरच सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे तूर बहुतेक कपाशीत आंतरपीक म्हणून असते. निरीक्षक शेतात आला की तुरीबद्दल नंतर, आधी विचारतो, "कपाशीचं बियाणं कुठलं?" बीटी असेल तर विषय संपला. जनुकीय बदल केलेलं बियाणं सेंद्रियात चालत नाही आणि त्याच वावरातली तूर वेगळी धरता येत नाही. मग बियाण्याची पावती मागतो, बियाणं औषध लावलेलं होतं का ते बघतो. शेतडायरी चाळतो. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या की चांगला निरीक्षक डायरी मिटून सरळ गोठ्याकडे जातो. फवारणीचा पंप उघडून वास घेतो, घरामागे रिकाम्या बाटल्या पडल्यात का बघतो. जनावरं किती आणि शेणखत किती लिहिलंय याचा मेळ घालतो. शेवटी उतारा, म्हणजे एकरी उत्पादन: कोरडवाहू एकरी पाच क्विंटल निघणारं रान असेल आणि गटाने आठच्या हिशेबाने माल विकला असेल, तर वरचे तीन क्विंटल बाजारातून आले. चोरी बहुतेक वेळा इथे पकडली जाते, प्रयोगशाळेत नव्हे. म्हणूनच अपेडाच्या ट्रेसनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर प्रत्येक शेताचं क्षेत्र नि उत्पादन नोंदलेलं असतं आणि माल हातोहात जाताना प्रत्येक व्यवहाराला वेगळं प्रमाणपत्र लागतं.

हंगामी पिकाला दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं रूपांतरणाचा काळ जातो. त्या काळात उतारा घटतो आणि सेंद्रियचा भाव मिळत नाही. बरेच जण इथेच सोडून देतात.

यात भोकं आहेत का? आहेत. एनपीओपीत तपासणाऱ्या संस्थेला पैसे ज्याची तपासणी व्हायची तोच देतो. मोठ्या गटात बाहेरचा निरीक्षक सगळी शेतं बघत नाही, निवडक बघतो. बाकीचं गटाच्या अंतर्गत तपासणीवर. पीजीएसमध्ये अडचण वेगळी: भीड. चुलत्याच्या बांधावर युरियाची गोणी दिसली तर लिहिणार कोण? तरी मला पीजीएसचा चांगला गट जास्त भरवशाचा वाटतो, कारण गावात कुणी कधी फवारलं हे कुणापासून लपत नाही. फक्त गटात दोन तरी तोंडाळ माणसं हवीत.

'केमिकल फ्री', 'नॅचरल', 'गावरान' या शब्दांवर मात्र जाऊ नका. कोल्हापुरी गुळाचं बघा. हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवणारं रसायन) न घालता, भेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला काळपट गूळ चांगलाच असतो. पण ऊस युरियावर वाढलेला असेल तर तो गूळ सेंद्रिय नाही, आणि पाकिटावर 'केमिकल फ्री' लिहिणारा नेमकं हेच सांगायचं टाळतो.

शेतकरी स्वतः आठवडी बाजारात किंवा घरपोच विकत असेल आणि वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. चिन्ह नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका; कपाशीचा प्रश्न त्यालाही विचारा.

पाकिटावर प्रमाणन संस्थेचं नाव आणि तिचा मान्यता क्रमांक (एनपीओपी/एनएबी असा सुरू होणारा) किंवा पीजीएसचा कोड शोधा. नुसतं हिरवं पान काढलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. संशय आला तर एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ऑनलाइन तक्रार सेवेवर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. चुकीच्या लेबलला 3 लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. पाकीट मात्र टाकून देऊ नका, आणि डाळ डब्यात ओतण्याआधी बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. तक्रार करताना पहिल्यांदा तोच विचारतात.