शटडाऊन म्हणजे फुकटची सुट्टी का?

प्रश्न: माझी नणंद अमेरिकेत फेडरल सरकारी ऑफिसात आहे. २०२५ च्या शटडाऊनमध्ये तिला दीड महिना घरी बसवलं आणि नंतर सगळा पगार मिळाला. मी फोनवर सहज म्हटलं, बरंय बाई, फुकटची सुट्टी, तर तिनं फोनच ठेवला. माझं काय चुकलं? आणि सरकार बंद तर पोस्ट, विमानं कशी चालू राहतात?

उत्तर: ताई, आधी नणंदेला फोन करून सॉरी म्हणा, बाकीचं नंतर.

तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, खर्चाची बिलं पास केली नाहीत तर ज्या खात्यांना दरवर्षी पैसे मंजूर करून घ्यावे लागतात त्यांनी खर्चच करायचा नाही असा कायदा आहे, यालाच शटडाऊन म्हणतात. पोस्ट स्वतःच्या कमाईवर चालतं म्हणून चालू, आणि सोशल सिक्युरिटीची पेन्शन दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून नाही म्हणून तीही मिळते.

विमानांचं मात्र तसं नाही हो. ती चालतात कारण एअर ट्रॅफिक कंट्रोलर बिनपगारी कामावर येतात, लोकांच्या जिवाशी संबंध असलेलं काम म्हणून त्यांना यावंच लागतं. २०१९ च्या जानेवारीत, आधीच्या एका शटडाऊनच्या ३५ व्या दिवशी, थोडेसेच कंट्रोलर आले नाहीत तर न्यूयॉर्कच्या लागार्डियाला येणारी विमानं काही वेळ थांबवावी लागली, आणि त्याच दिवशी शटडाऊन मिटलं! २०२५ मध्ये तर ४० मोठ्या विमानतळांवरच्या फ्लाइट्स कमी करायची वेळ आली.

आता नणंदेचं. घरी बसवलेल्या माणसाला ऑफिसचा मेल उघडून उत्तर द्यायलाही मनाई असते, काम करायचंच नाही. पगाराची तारीख येते, पगार येत नाही, पण घरभाडं, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाचं बिल हे सगळं आपापल्या तारखेला येतंच. मागचा पगार देण्याचा कायदा २०१९ मध्ये झालाय, तरी २०२५ मध्ये घरी बसवलेल्या सगळ्यांना तो मिळेलच असं नाही असा सूर खुद्द ट्रम्प यांनी लावला, शिवाय शटडाऊन चालू असतानाच हजारोंना नोकरकपातीच्या नोटिसा गेल्या. (त्या नोटिसा नोव्हेंबरमध्ये शटडाऊन संपवणाऱ्या कायद्यानं मागे घ्यायला लावल्या, पण ते नंतर.) शटडाऊन ४३ दिवस चालणार हे पहिल्या दिवशी कोणाला माहीत होतं? नोकरी राहील का, पैसे कधी येतील या विचारात काढलेल्या दिवसांना सुट्टी कसं म्हणणार, मला तरी पटत नाही.

नोव्हेंबरमध्ये तर सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची स्नॅपची, म्हणजे किराण्यासाठी मिळणारी मदत अडकली. आणि ज्यांचं कोणी बोलत नाही ते म्हणजे सरकारी इमारतींत कंत्राटावर काम करणारे सफाईवाले, सिक्युरिटी गार्ड, कँटीनवाले. मागच्या पगाराच्या कायद्यात ते येतच नाहीत. ऑफिस उघडल्यावर तुमच्या नणंदेला पगार मिळाला, त्याच ऑफिसात लादी पुसणाऱ्या कंत्राटी माणसाचे बुडालेले दिवस बुडालेच.