घरातला मोडी रुमाल

सुरुवातीला अतिशय कठीण गेलेला आणि पुढे मनापासून समाधान देणारा अनुभव कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्यापुरता तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मोडी, म्हणजे पूर्वी मराठी लिहिण्यासाठी वापरली जाणारी वळणदार लिपी, शिकण्याचा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी, माळ्यावर, तांबड्या कापडात बांधलेला जुन्या कागदांचा रुमाल होता. आजोबा शाळेत मोडी शिकलेले असल्यामुळे त्यांना तो वाचता येत असे. त्यांच्यामागे दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापलीकडे त्याला कोणी हात लावला नव्हता. एका पावसाळ्यात त्याची कड भिजली आणि कागद सुकवताना माझ्या लक्षात आले की आपल्याच घराचे, आपल्याच भाषेतले एक अक्षरही आपल्याला वाचता येत नाही. त्या जाणिवेने मी मोडीच्या वर्गात नाव घातले.

मुळाक्षरे पंधरा दिवसांत पाठ झाली, पण प्रत्यक्ष कागदावरची ओळ उलगडेना. मोडीत आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जातात. त्यामुळे शब्द कोठे संपला ते कळत नाही, विरामचिन्हे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसल्याने ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा, हे मजकुराच्या ओघावरूनच ठरवावे लागते. पेशवेकालीन पत्रांत वर्षही अरबी शब्दांत येते: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) ११७१, अर्थात इसवी सन १७७०-७१. नोकरी सांभाळून रोज रात्री एक तास, असे आठ महिने गेले आणि दोनदा मी वर्ग सोडण्याचे ठरवले. शिकवणारे गुरुजी मात्र सांगत राहिले की आधी बोरूने लिहा, हाताला वळण कळले की डोळ्याला कळेल. हा सल्ला मी फार उशिरा ऐकला. रोज एक पान गिरवायला लागल्यावरच अक्षरे सुटी दिसू लागली.

सलग वाचता आलेला पहिला कागद म्हणजे कार्तिक शके १७९८चे, म्हणजे १८७६ सालचे, गहाणखत. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला होता आणि मोठा दुष्काळ सुरू झाला होता. दाणा आणि वैरण घेण्यासाठी जमीन गहाण ठेवल्याचे त्यात लिहिले होते. लिहून देणाराच्या नावापुढचा ‘कोम’ हा शब्द मी कितीतरी दिवस आडनाव समजत होते. त्याचा अर्थ ‘अमक्याची बायको’ असा आहे, हे गुरुजींनी सांगितले तेव्हा तो सगळा कागदच बदलला. लिहून देणारा नव्हताच, देणारी होती: माझी खापरपणजी, नवऱ्यामागे वयाने अज्ञान मुलाला सांभाळणारी. खताच्या शेवटी एक लहानसे वर्तुळ होते, ज्याला मी शाईचा डाग मानून सोडून दिले होते. त्याच्या शेजारी ‘निशाणी बांगडी’ असे लिहिलेले आहे. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची खूण करी, तशी स्त्रिया बांगडीची करीत. हे वाचता आले त्या रात्री मी बराच वेळ तो कागद तसाच समोर ठेवून बसले होते.

संपूर्ण खत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून मी वडिलांना वाचून दाखवले. आमच्या वंशावळीत त्या पिढीला केवळ पुरुषांची नावे होती. त्यांनी त्याच संध्याकाळी पेन मागून घेतले आणि तिचे नाव लिहिले. रुमालातले एकोणीस कागद अजून वाचायचे आहेत, आणि त्या गहाणखतातला, वैरणीच्या अलीकडचा एक शब्द मला अद्याप लागलेला नाही.