बरगंडीचा ड्यूक: एक नाव, अनेक मुलूख

प्रश्न थोडक्यात असा: शंभर वर्षांच्या युद्धाबद्दल वाचताना बरगंडीचा ड्यूक कधी इंग्रजांच्या बाजूने दिसतो, कधी फ्रेंचांच्या. नकाशात बरगंडी पूर्व फ्रान्समध्ये, दिजों शहराभोवती. दरबार मात्र आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजला नाहीतर ब्रसेल्सला. आणि 1477 नंतर हे प्रकरण एकदम गायब. मग हा माणूस राजा की सरदार? आणि जाता जाता, वाइनवाली बरगंडी तीच का?

वाइनचे शेवटी बघू. बाकी गोंधळ होतो तो आपण बरगंडी नावाचा एक देश गृहीत धरतो म्हणून. तसा देश पंधराव्या शतकात नव्हता. एकाच मालकाच्या नावावर दहा गावांत दहा सात-बारे असावेत आणि प्रत्येकावर वेगळा बोजा असावा, तसा तो मामला होता. ब्रुजमध्ये तो फ्लँडर्सचा काउंट, ब्रसेल्समध्ये ब्रबांतचा ड्यूक, दिजोंमध्ये बरगंडीचा ड्यूक. सगळ्यात मानाची आणि घराण्यात सगळ्यात आधी आलेली पदवी बरगंडीची, म्हणून इतिहासाने तेच नाव धरून ठेवले.

त्यात बरगंड्याही दोन. सोन नदीच्या पश्चिमेची ती डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, फ्रान्सच्या राजाची मांडलिक. पूर्वेची ती काउंटी, म्हणजे काउंटचा मुलूख, पुढचे फ्राँश-काँते, पवित्र रोमन सम्राटाची (जर्मन मुलखांच्या धन्याची) मांडलिक. ही वाटणी नवव्या शतकातली, 843 च्या व्हर्दनच्या तहापासूनची. म्हणजे नदी ओलांडली की ड्यूकचा वरचा धनी बदलायचा. हे लक्षात ठेवा, पुढचे निम्मे राजकारण यातून उलगडते.

डचीचे जुने घराणे 1361 मध्ये संपले. शेवटचा ड्यूक फिलिप ऑफ रूव्र जेमतेम पंधरा वर्षांचा होता, प्लेगने गेला. फ्रान्सचा राजा जॉन दुसरा याने डची ताब्यात घेतली आणि 1363 मध्ये धाकट्या मुलाला, फिलिप द बोल्डला दिली. हा मुलगा चौदाव्या वर्षी प्वातिएच्या लढाईत (1356) बापाच्या शेजारी उभा राहिला होता आणि त्याच्याबरोबरच इंग्रजांच्या कैदेत पडला होता. बापाने त्याची भरपाई केली म्हणा. पुढे हीच भरपाई फ्रान्सला किती महागात पडली ते बघाच.

कारण 1369 मध्ये फिलिपने फ्लँडर्सची वारस मार्गारेट हिच्याशी लग्न केले. ही मार्गारेट त्या मेलेल्या लहानग्या ड्यूकचीच विधवा! म्हणजे आधी त्याची डची, मग त्याची बायको. इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्यालाही ती आपल्या मुलासाठी हवी होती, पण नात्यातल्या लग्नाला लागणारी परवानगी पोपने दिली नाही. 1384 मध्ये मार्गारेटचे वडील वारले आणि फ्लँडर्स, आर्त्वा, पूर्वेची बरगंडी काउंटी असे सगळे एका घरात आले. खरा पैसा इथला. घेंट, ब्रुज, ईप्र ही कापडाची शहरे. त्यांचे माग चालायचे इंग्लंडच्या लोकरीवर. दिजोंची द्राक्षे छान, पण फौजा पोसायला फ्लँडर्सचा कर लागायचा.

आता बाजू बदलण्याचे. वेडाचे झटके येणाऱ्या चार्ल्स सहाव्याच्या काळात पॅरिसमध्ये सत्ता कुणाच्या हाती, यावरून बरगंडी आणि ऑर्लेआँ अशी भाऊबंदकी पेटली. 1407 मध्ये दुसरा ड्यूक जॉन द फियरलेस याने राजाच्या भावाचा, ऑर्लेआँच्या लुईचा, पॅरिसच्या रस्त्यात खून करवला. बारा वर्षांनी, 10 सप्टेंबर 1419 रोजी, माँतरोच्या पुलावर बोलणी चालू असताना युवराजाच्या माणसांनी जॉनला कापले. त्याचा मुलगा फिलिप द गुड मग इंग्रजांना मिळाला आणि 1420 च्या त्र्वाच्या तहात फ्रान्सचे सिंहासन इंग्लंडच्या हेन्री पाचव्याला आणि त्याच्या वंशाला लिहून दिले गेले. पुढे शतकभराने दिजोंच्या एका मठवासीयाने फ्रान्सच्या राजाला जॉनची कवटी दाखवून ‘याच भोकातून इंग्रज फ्रान्समध्ये शिरले’ असे म्हटल्याची गोष्ट सांगतात. 1430 मध्ये काँपिएन्यला फ्रेंचांकडून लढणाऱ्या जोन ऑफ आर्कला पकडले तेही बरगंडीच्या बाजूच्या लोकांनी. 10,000 लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) घेऊन तिला इंग्रजांच्या हवाली केले.

एवढे करून 1435 मध्ये आरासच्या तहात हाच फिलिप परत फ्रान्सकडे. फितुरी म्हणायची तर म्हणा, मला ती हिशेबी चाल वाटते. तहात त्याला सोम नदीकाठची शहरे मिळाली, आणि चार्ल्स सातवा (तोच माँतरोचा युवराज, आता राजा) जिवंत असेपर्यंत त्याला मुजऱ्यातूनही सूट मिळाली. मांडलिक आहे, पण वाकायचे नाही! तोवर खरेदी, वारसा आणि दमदाटी अशा तिन्ही मार्गांनी त्याने नामूर, ब्रबांत, लिंबुर्ख, हेनो, हॉलंड, झीलंड गोळा केले होते. 1443 मध्ये लक्झेंबर्गही घेतले. पण प्रत्येक ठिकाणी जुन्या सनदा पाळण्याची शपथ वेगळी घ्यावी लागायची. घेंटने कराच्या प्रश्नावरून बंड केले तेव्हा ते मोडायला 1453 ची गाव्हरची लढाई लागली. सगळ्या उत्तरी मुलखांचे प्रतिनिधी एकत्र बसले ते थेट 1464 मध्ये, ब्रुजला.

या विखुरलेल्या सरदारांना एका धाग्यात बांधायला फिलिपने 1430 मध्ये गोल्डन फ्लीस हा मानाचा संघ काढला, पोर्तुगालच्या इझाबेलाशी झालेल्या लग्नाच्या वेळी. (ही इझाबेला दर्यावर्दी राजपुत्र हेन्रीची सख्खी बहीण. त्याच आव्हिश घराण्याच्या अमलात 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला.)

राजा का झाला नाही, तर प्रयत्न झाला होता. फिलिपचा मुलगा चार्ल्स द बोल्ड 1473 मध्ये ट्रियरला सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याला भेटला. सौदा असा: चार्ल्सची एकुलती मुलगी मेरी सम्राटाच्या मुलाला, बदल्यात चार्ल्सला मुकुट. राज्याभिषेकाची तयारीही चालू होती, आणि एका पहाटे सम्राट मोझेल नदीतून होडीने चक्क निघून गेला. एवढा दांडगा मांडलिक राजा झाला तर आपले काय, ही धास्ती एकट्या त्याला नव्हती, जर्मन राजेरजवाड्यांनाही होती.

चार्ल्सला आणखी एक वेड होते: उत्तरेचे आणि दक्षिणेचे मुलूख जोडायचे. मध्ये होते लोरेन. 1475 मध्ये ते त्याने घेतले आणि मग स्विसांशी गाठ पडली. 1476 मध्ये मार्चला ग्रांसोंला, जूनला मुर्टनला मार खाल्ला. 5 जानेवारी 1477 रोजी नान्सीच्या वेढ्यात मारला गेला. प्रेत दोन दिवसांनी बर्फात सापडले, लांडग्यांनी चेहरा खाल्लेला. जुन्या जखमांवरून ओळख पटली. स्विस लोक म्हणतात, ग्रांसोंला माल गेला, मुर्टनला हिंमत आणि नान्सीला रक्त.

आता 'गायब' होण्याचे. मूळची डची फ्रान्सच्या लुई अकराव्याने लगेच जप्त केली: राजपुत्राला तोडून दिलेली जमीन, मुलगा नाही, म्हणजे ती परत राजाकडे. मेरीने हे कधी मान्य केले नाही. पण इतर मुलखांत मुलीचा वारसा चालत होता, ते तिच्याकडे राहिले, अर्थात फुकट नाही. बाप मेल्यावर सव्वा महिन्यात उत्तरी प्रांतांनी तिच्याकडून 'ग्रेट प्रिव्हिलेज' ही सनद लिहून घेतली आणि चार्ल्सने काढून घेतलेले हक्क परत मिळवले. ऑगस्टमध्ये तिने मॅक्सिमिलियनशी, म्हणजे त्याच सम्राटाच्या मुलाशी, लग्न केले. 1482 मध्ये घोड्यावरून पडून ती गेली. तिचा नातू म्हणजे 1500 मध्ये घेंटला जन्मलेला सम्राट चार्ल्स पाचवा. म्हणजे डची बुडाली तरी ड्यूकचे घराणे बुडाले नाही. ते मॅक्सिमिलियनच्या हाब्सबुर्ग घराण्यात विरघळले. पणजोबाची डची परत मिळावी म्हणून हा चार्ल्स फ्रान्सशी भांडत राहिला. 1526 मध्ये आपल्या कैदेतल्या फ्रेंच राजा फ्रान्सिस पहिल्याकडून ती लिहूनही घेतली, पण सुटल्यावर तो फिरला; 1529 मध्ये काँब्रेच्या तहात चार्ल्सने हट्ट सोडला.

पदवी मात्र दोन्हीकडे राहिली. फ्रान्समध्ये लुई चौदाव्याच्या नातवाला ड्यूक ऑफ बरगंडी म्हणत, नुसती बिरुदावली, मुलूख नाही. स्पेनच्या राजाच्या पारंपरिक पदव्यांत तर ती आजही आहे. म्हणून पुस्तकात ‘बरगंडीचा ड्यूक’ दिसला की आधी साल बघा: 1361 च्या आत असेल तर दिजोंभोवतीचा मांडलिक, 1384 ते 1477 असेल तर युरोपातला बडा धनी, त्यानंतर बहुधा नुसते नाव.

आणि हो, वाइनची बरगंडी म्हणजे सोनच्या पश्चिमेची जुनी डचीच. फिलिप द बोल्डने 1395 मध्ये हुकूम काढून तिथली गामे जातीची द्राक्षे उपटायला लावली. उत्पन्न भरपूर पण वाइन हलकी, असे त्याचे म्हणणे. पिनो न्वार या द्राक्षाला त्याने उचलून धरले आणि गामे दक्षिणेला बोजोलेत जाऊन टिकली.