वऱ्हाडच्या शिरगणतीत बायकांचे प्रमाण का वाढले?

प्रश्न : जात पडताळणीसाठी आमच्या मूळ गावाच्या कोतवाल बुकाच्या नकला काढल्या, तेव्हा 1900 सालच्या पानांवर मृत्यूच्या नोंदी ओळीने दिसल्या, जन्माच्या मात्र फार थोड्या. त्याच सुमाराच्या जनगणनेत वऱ्हाडातील बायकांचे प्रमाण पुरुषांच्या मानाने वाढले होते, असेही वाचनात आले. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत आमच्याकडील खेड्यांत स्त्री-पुरुषांचे व लहानथोरांचे प्रमाण कसे होते? बायकांचे प्रमाण वाढले, हे सुस्थितीचे लक्षण समजावे काय?
— एक वाचक, वणी तालुका

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथेच गफलत होण्याचा संभव जास्त आहे. ते सुस्थितीचे लक्षण नव्हते. दुष्काळाचा तो व्रण होता.

वऱ्हाडची पहिली शिरगणती 1867 साली झाली आणि त्यानंतर 1881, 1891 व 1901 या साली झाल्या. यांतील शेवटची 1 मार्च 1901 रोजी, म्हणजे राणीच्या निधनानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी झाली असली, तरी तिच्यात उमटलेले चित्र राणीच्याच काळाचे आहे. दर हजार पुरुषांमागे बायका 1881 साली 936, 1891 साली 942 आणि 1901 साली 975 होत्या. एवढेच आकडे पाहिले तर कोणालाही समाधान वाटेल. पण त्यांच्या शेजारी एकूण लोकसंख्या मांडून पाहावी : 1891 साली वऱ्हाडात सुमारे 28 लाख 97 हजार माणसे होती, ती 1901 साली सुमारे 27 लाख 54 हजारांवर आली. दहा वर्षांत पुरुष सुमारे 97 हजारांनी घटले आणि बायका सुमारे 46 हजारांनी. म्हणजे बायका वाढल्या नव्हत्या, त्याही कमीच झाल्या होत्या. पुरुष त्यांच्या दुपटीहून अधिक कमी झाले, म्हणून प्रमाण तेवढे वर गेले. प्रमाणाचा आकडा एकटा वाचू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

त्या दशकात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. दुसऱ्यात पाऊस जवळजवळ गेलाच, ज्वारी हाती लागली नाही, आणि अंगात त्राण नसलेल्या लोकांवर पटकी, हगवण व पुढे पाऊस परत आल्यावर हिवताप यांचा घाला पडला. उपासमारीच्या काळात बायकांपेक्षा पुरुष अधिक मरतात, हे हिंदुस्थानातील अनेक दुष्काळांत दिसून आले आहे. बाईच्या शरीरात उपासाला टिकण्याची शक्ती काहीशी अधिक असते, आणि अशा काळात गर्भधारणाच कमी होत असल्याने बाळंतपणात दगावणाऱ्याही कमी होतात. शिवाय 1881 साली पुरुष जास्त असण्यामागे कापूस होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर कापसाचे भाव चढले, 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, खामगाव व अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या, आणि कामाच्या शोधात बाहेरून आलेल्यांत एकटे पुरुष बरेच होते. पिके बुडाल्यावर हा ओघ आटला.

वयाच्या आकड्यांकडे मात्र फार सावधपणे पाहावे लागते. गणतीसाठी माघ-फाल्गुनातील चांदण्या रात्री निवडत. घरांवर गेरूने क्रमांक घातले जात. पटवारी, शाळामास्तर किंवा गावातील लिहिता-वाचता येणारा कोणी दारी येऊन वय विचारी. ज्याच्या जन्माची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही, तो ‘दोन विसा असतील’ असेच सांगणार. त्यामुळे वीस, तीस, चाळीस या वयांवर माणसांचे ढीग साचलेले दिसतात आणि एकोणतीस किंवा एकतीस वर्षांचा माणूस शोधून सापडत नाही. म्हणून अभ्यासक पाच-पाच किंवा दहा-दहा वर्षांचे गट करतात. दहा ते पंधरा या वयाच्या मुलींची संख्या तर विश्वास बसू नये इतकी कमी भरते. उपवर मुलगी अविवाहित असल्याचे सांगणे नकोसे वाटे, लग्न झालेलीचे वय वाढवून सांगितले जाई, आणि काही मुली सांगितल्याच जात नसत. त्या मुली गावात होत्या, कागदावर नव्हत्या. याचे मला नेहमी वाईट वाटते.

ढोबळमानाने, त्या काळी देशभरात दर शंभर माणसांत 38 ते 40 पंधरा वर्षांखालील आणि साठीपुढील पाचच्या आसपास असत. वऱ्हाडात 1901 साली मात्र पाच वर्षांखालील मुलांचा गट खंगलेला होता, कारण दुष्काळात तान्ही मुले दगावली आणि नवी जन्मली नाहीत. आपल्या नकलांत हेच उमटले आहे. सवड काढून 1901 च्या आरंभीचे जन्म आणि 1903-04 चे जन्म शेजारी मांडून मोजावेत. फरक डोळ्यांना दिसेल. मुलांच्या नावाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते, तेव्हा बापाच्या नावावरून नोंद जुळवावी. गणतीचे जिल्हावार कोष्टक चाळताना आपल्या भागासाठी ‘यवतमाळ’ शोधू नये. 1905 पर्यंत तो ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई.

प्रश्न : त्या काळचे सरासरी आयुर्मान 25 वर्षे होते, असे ऐकतो. मग माणसे पंचविशीतच मरत होती काय?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : नाही. जन्मलेल्या चार मुलांपैकी सुमारे एक पहिले वर्ष पुरे होण्याआधीच जाई, आणि या लहानग्यांमुळे सरासरी इतकी खाली येई. जो विशीपर्यंत तगला, त्याला आणखी तीसएक वर्षांची आशा धरता येत असे.