ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात वसंत विहारला राहतो, मुलगा साडेआठ वर्षांचा आणि मुलगी पाचची. मुलाला दुसरीनंतर शाळेतून काढलं, तेव्हापासून तो घरीच शिकतोय. त्याला ऑडिओबुकचं प्रचंड वेड आहे. ब्लॉक्स खेळताना, चित्र काढताना, मी पोळ्या करत असते तेव्हा ओट्याशी बसून, दिवसाला दोन-तीन तास सहज ऐकतो, नऊ-नऊ तासांच्या गोष्टी संपवतो. परवा भाजीवाल्या काकांना म्हणाला, "आता कोथिंबीर घ्यावीच लागेल, नाइलाज आहे." पण स्वतःहून पुस्तक हातात घेत नाही. सासूबाई प्राथमिक शिक्षिका होत्या, त्यांनी रविवारी सगळ्यांसमोर पेपर वाचायला दिला. चार ओळींना पाच मिनिटं लागली, "महत्त्वाचा" वर अडकला, पेपर टाकला आणि गॅलरीत जाऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, हे सगळं ऐकीव ज्ञान आहे, उद्या दहावीचा पेपर काय कानाने लिहिणार? मला रात्रभर झोप नाही. ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं की नाही? ऑडिओ बंद करू का?
– एक आई, ठाणे

उत्तर : ऑडिओ बंद करू नका. हे सगळ्यात आधी सांगतेय कारण घाबरून आपण पहिली तीच गोष्ट करतो, आणि मुलाला त्याचा अर्थ एकच कळतो, की मला वाचता येत नाही म्हणून माझी आवडती गोष्ट काढून घेतली.

आता तुमचं आणि सासूबाईंचं भांडण. मला दोघींचं बरोबर वाटतंय, फक्त तुम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. 1986 साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी वाचनाचा एक साधा हिशेब मांडला होता. छापलेली अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं, आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू कितीही मोठी असली आणि दुसरी शून्याजवळ असली तर उत्तर शून्याजवळच येणार. तुमच्या मुलाची भाषा समजण्याची बाजू दणदणीत आहे, साडेआठ वर्षांचं पोर "नाइलाज" बरोब्बर जागी वापरतंय, ते त्या नऊ-नऊ तासांचंच देणं आहे. अक्षरांची बाजू मागे राहिलीय, ती सासूबाईंना दिसली, शिक्षिकेच्या नजरेला ते दिसणारच. पण मागे राहिलेली बाजू सरावाने पुढे येते. उलट ज्या मुलाला अक्षरं फाडफाड वाचता येतात आणि वाचलेलं काहीच कळत नाही त्याच्यासोबत बसणं खूप अवघड जातं, हे मी माझ्या धाकट्या भाच्यासोबत बसून अनुभवलंय.

आणि आपल्या मराठीत कान आणि डोळा दोघांचीही गरज लागते हो. "चांगला" आणि "चंद्र" यातला च वेगळा आहे, "जरा" आणि "जन्म" यातला ज वेगळा आहे, लिपीत मात्र दोन्हीकडे एकच अक्षर. हे पुस्तक नाही सांगू शकत, कानच सांगतो, आणि ठाण्यात बिल्डिंगखाली सगळी मुलं हिंदीत खेळत असताना चांगली मराठी तासन् तास कानावर पडणं ही छोटी गोष्ट नाहीये. उलट बाजूने, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, हे बोलताना आपण बहुतेक जण सारखंच बोलतो, तिथे डोळाच लागतो. त्यामुळे कितीही तास ऐकलं तरी शुद्धलेखन त्यातून येणार नाही, ही अपेक्षा ऑडिओकडून ठेवायची नाही.

रविवारच्या प्रसंगाबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. पेपर ही नवीन वाचणाऱ्याची परीक्षा घ्यायची जागाच नव्हे. बारीक टाइप, तोडून टाकलेली वाक्यं, जोडाक्षरांची गर्दी, आणि समोर घरातले सगळे बघतायत. "महत्त्वाचा" मध्ये दोन त आहेत, लिहिताना मोठी माणसंसुद्धा त्यातला एक खातात. जोडाक्षरं खरंच अवघड असतात. "कार्यक्रम" बघा, एकाच शब्दात र दोनदा येतो, एकदा य च्या डोक्यावर रफार होऊन आणि एकदा क च्या पायाशी, दोन्हीकडे वेगळा दिसतो. शब्द त्याला पाठ आहे, अर्थ माहितीये, डोळा तेवढा ठेचकाळतो.

मग करायचं काय, तर त्याने ऐकून ऐकून जवळजवळ पाठ झालेली एक गोष्ट छापील मिळवा, शक्यतो बारीक, वीस-तीस पानांची. पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला कानाने माहीत असतं, त्यामुळे जोडाक्षर दिसलं की तो ते ओळखतो आणि हे असं दिसतं होय, असं त्याच्या डोक्यात बसत जातं. फक्त एक काळजी घ्या, पहिल्या ओळीपासून सुरू केलंत तर तो न बघता घडाघडा म्हणून टाकेल. मधलंच कुठलं तरी वाक्य बोट ठेवून विचारा, इथे काय लिहिलंय. रोज पंधरा मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नाही, तो अजून वाचू का म्हणाला तर गोष्ट वेगळी.

बरेच जण सुचवतात की ऑडिओ अगदी रंगात आला की बंद करायचा आणि पुस्तक हातात द्यायचं, पुढचं कळायला हवं असेल तर स्वतः वाच. मी हे माझ्या मुलीवर केलंय आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. ती रडली, आणि त्यानंतर दोन महिने मी जवळ आले की गोष्ट थांबवून माझ्याकडे बघायची, आता बंद करणार का म्हणून. तुम्ही हे करू नका. पुस्तकाची ओढ लावायला गोष्ट ओलीस ठेवायची नाही.

ती पंधरा मिनिटं सासूबाईंकडे द्या असं मी म्हणेन. मनापासून सांगतेय. जोडाक्षरं कशी शिकवायची हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, आयुष्यभर केलंय त्यांनी. अट एकच, दार लोटून, प्रेक्षक नाहीत, पेपर नाही. आणि बाहेर पडाल तेव्हा त्याला पाट्या वाचू द्या, दुकानांवर मराठी पाट्यांचा 2022 चा कायदा झाल्यापासून गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर वाचायला भरपूर मिळतं, दोन-तीन शब्दांचं वाचन, चुकलं तरी कुणाला कळत नाही. स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं आहे, तिथे त्याला घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू दे, मग ते पाच वर्षांच्या बहिणीच्या वयाचं का असेना.

मात्र एक सांगून ठेवते. आधी डोळे तपासून घ्या. आणि रोज नेमाने बसूनही पाच-सहा महिन्यांत काही हलत नसेल, घ-ध, भ-म यांची सतत अदलाबदल होत असेल, तर थांबू नका, तज्ज्ञांना दाखवा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात लर्निंग डिसॅबिलिटीसाठी वेगळं क्लिनिक आहे. तशा मुलांसाठी ऑडिओबुक हा मोठा आधार असतो, म्हणजे तेव्हाही ते बंद करायचं नाहीच.

दहावीचं म्हणाल तर एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं मंडळ, 1989 पासून आहे, वयाची 14 वर्षं झाली की तिथून दहावीला बसता येतं, मराठी माध्यमही आहे. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायला राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्मही आहे. पण पेपर हाताने लिहायचा असतो हे सासूबाईंचं म्हणणं अगदी खरंय, त्यासाठी अजून पाच-सहा वर्षं हातात आहेत.

आणि तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. आमच्या घरच्या वहीत दोन रकाने आहेत, "ऐकली" आणि "वाचली". ऐकलेलं पुस्तक पहिल्या रकान्यात, तारीख घालून, तितक्याच मानाने. ते वाचलेलं धरत नाही आम्ही, आणि कमी पण धरत नाही.

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला असतो, दोन मुली, दोघी होमस्कूल. ऑडिओच्या अॅपचे पैसे दर महिन्याला परवडत नाहीत. मराठीत फुकट काय मिळेल?
– एक बाबा, नवी मुंबई

उत्तर : बरंच मिळेल. बालभारतीचं "किशोर" मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत, मुक्त परवान्याच्या, म्हणजे डाउनलोड करा, प्रिंट काढा, कुणी काही म्हणणार नाही.

ऐकायचं म्हणाल तर तुम्हीच वाचा ना. साने गुरुजी 1950 साली गेले, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे "श्यामची आई" आता सगळ्यांची आहे. त्यातल्या प्रकरणांना रात्र म्हटलंय, पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा 42, कारण श्याम ती रोज रात्री सोबत्यांना सांगतोय. मुळात ऐकण्यासाठीच सांगितलेली गोष्ट आहे ती. ज्या दिवशी घरी लवकर याल त्या दिवशी मोबाइलवर दोन रात्री रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उशीर झाला तरी मुलींना झोपताना बाबांचाच आवाज मिळेल. मध्ये खोकला आला, कुकरची शिट्टी आली तर राहू दे, पुसू नका. आणि इअरफोन नकोत, छोटा स्पीकर दोघींच्या मध्ये ठेवा, एकीला हसू आलं की दुसरीला कळलं पाहिजे.