वाचक विचारतात : कडी आवळते, पण सैलावत नाही

प्रश्न : रॅटच्या छातीतल्या महाधमनीच्या कड्या (आडवे कापलेले गोल तुकडे) आम्ही ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या कोमट द्रावणाच्या भांड्यात, लावतो. फिनाइलएफ्रिनने त्या छान आवळतात, पण असिटाइलकोलीन घातले तर जेमतेम १० टक्के सैलावतात. औषधाची बाटली जुनी आहे, ती बदलावी का?
– एम. फार्म.ची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बाटली बदला, पण आधी कडीकडे बघा. असिटाइलकोलीन इथे स्नायूला थेट सैल करत नाही. ते धमनीच्या आतल्या अस्तरावर काम करते, अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि मग स्नायू सैलावतो. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. चिमट्याचे टोक आतून एकदा फिरले की तो गेला. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या वर्षानुवर्षे असिटाइलकोलीनने उलट आवळत असत, कारण पट्टी तयार करताना आतली बाजू घासली जात होती. हा उलगडा १९८० साली छापून आला आणि १९९८च्या नोबेलपर्यंत पोचला. म्हणजे तुमची अडचण चांगल्या घराण्यातली आहे!

दोष कुठे आहे ते एका चाचणीत कळते. आवळलेल्या त्याच कडीवर सोडियम नायट्रोप्रुसाइड घाला; ते अस्तराविनाही स्नायूला थेट सैल करते. ती पूर्ण सैलावली तर स्नायू ठणठणीत आहे, अस्तर गेले आहे. नायट्रोप्रुसाइडनेही हलली नाही तर बहुधा फिनाइलएफ्रिन जास्त झाले. कडी जास्तीत जास्त जितकी आवळू शकते त्याच्या सत्तर-ऐंशी टक्के आवळेल एवढाच डोस ठेवा. रॅटमध्ये तो साधारण ०.१ ते १ मायक्रोमोलरच्या (द्रावणाच्या तीव्रतेचे एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमोलर) दरम्यान सापडतो.

अस्तर बहुतेक वेळा कापतानाच जाते. बोथट कात्रीने धमनी चेपली जाते, म्हणून नवे ब्लेड घेऊन एका झटक्यात २ ते ३ मिलिमीटरची कडी कापा. साफ करताना चिमट्यात चरबी धरा, भिंत नव्हे. चरबी मात्र पूर्ण काढा. तिच्यातून सैलावणारे घटक सुटतात आणि आवळणे कमी दिसते. टिपकागदावर कडी कोरडी करणे वर्ज्य. तारेचा हूक आत सरकवताना भिंतीला घासू देऊ नका. हात बसेपर्यंत खाटकाकडच्या बोकडाच्या धमनीवर सराव करा, त्यासाठी प्राणी वाया घालवू नका.

आता द्रावण. कडी ज्यात बुडवतात त्या क्रेब्ज द्रावणाच्या एका लिटरसाठी मीठ ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, सात पाण्याचे (हेप्टाहायड्रेट) मॅग्नेशियम सल्फेट ०.३, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१ आणि ग्लुकोज २ ग्रॅम. दोन पाण्याचे कॅल्शियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे काही मिनिटे सोडल्यानंतर, सगळ्यात शेवटी घाला. आधी घातले तर द्रावण दुधाळ होते. असे द्रावण गाळून वापरू नका, ओतून द्या. गाळणीवर राहिले ते तुमचे कॅल्शियमच.

बाथ ३७ अंशांवर, ताण २ ग्रॅम, आणि तासभर ते दीड तास स्थिरावू द्या. दर १५ मिनिटांनी द्रावण बदला. या काळात ताण उतरत जातो, तो पुन्हा २ वर आणा.

डोसच्या हिशेबातही घसरायला होते. बाथ १० मिलिलिटरचा धरू. १ मायक्रोमोलर असिटाइलकोलीनचे १० मायक्रोलिटर घातले की आत १ नॅनोमोलर होते. पुढच्या ३ नॅनोमोलरसाठी आणखी २० मायक्रोलिटर पुरे, ३० नव्हे, कारण आधीचे आत आहेच. मग १० मायक्रोमोलर द्रावणाचे ७ मायक्रोलिटर घातले की १० नॅनोमोलर. असिटाइलकोलीन रोज ताजे करा, बर्फात ठेवा.

प्रश्न : वडिलांना वीस वर्षे मधुमेह आहे. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.४६ आले. ‘एकच्या वर आहे, पाय उत्तम’ असे सांगण्यात आले, पण अंगठ्याची जखम भरत नाही.
– वाचक, सांगली

उत्तर : १.४६ हा चांगला आकडा नाही. घोट्याजवळच्या दोन धमन्यांपैकी ज्या धमनीत वरचा दाब जास्त, त्याला दोन्ही दंडांपैकी जास्तीच्या दाबाने भागतात. समजा दंडात १३२ आणि घोट्यात १०४ आला, तर १०४ भागिले १३२ म्हणजे ०.७९. ०.९० किंवा त्याखाली आले तर धमनीत अडथळा धरतात, १.०० ते १.४० ठीक. १.४०च्या वर गेले तर त्याचा अर्थ वेगळा. दीर्घ मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते, नळी कडक होते आणि पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही. यंत्र मग भिंतीचा कडकपणा मोजते, रक्ताचा दाब नव्हे. आत अडथळा असला तरी तो झाकला जातो. पायाच्या बोटांतल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून बोटाला छोटा पट्टा लावून मोजतात, तिथे ०.७० किंवा कमी म्हणजे अडथळा. जखम आहे तेव्हा थांबू नका, याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा.

प्रश्न : सोनोग्राफीवर दंडाच्या धमनीचे प्रसरण मोजताना रक्तदाबाचा पट्टा प्रोबच्या (दंडावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याच्या) वर बांधावा की खाली?
– तंत्रज्ञ, पणजी

उत्तर : खाली, कोपर ते मनगट यांच्यामध्ये. पट्ट्याने रक्त अडवून सोडले की प्रवाह उसळतो, अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि धमनी रुंदावते; तेच इथे मोजायचे असते. वर बांधला तर ज्या धमनीचे माप घ्यायचे तिचाच रक्तपुरवठा तुटतो आणि प्रसरणात दुसरी कारणे मिसळतात. वरच्या रक्तदाबापेक्षा पाऱ्याचे ५० मिलिमीटर जास्त फुगवून ५ मिनिटे ठेवा. पट्टा सोडल्यावर साधारण मिनिटभरात धमनी सर्वांत रुंद होते, पण चित्रण ३ मिनिटे चालू ठेवा, काहींत ती उशिरा रुंदावते. ४ मिलिमीटरची धमनी ६ टक्के रुंदावली म्हणजे जेमतेम ०.२४ मिलिमीटर. प्रोब हातात धरून हे जमत नाही, स्टँड हवाच. माप दर वेळी ईसीजीच्या आर लाटेवरच (ठोक्यातल्या उंच टोकावर) घ्या. आणि चहा? तपासणीआधी नाही; तंबाखू तर मुळीच नाही.