पेरिडॉट पाचूपेक्षा वेगळा कसा, तो येतो कुठून आणि घरी कसा तपासायचा?

तुमचे प्रश्न तीन आहेत: दोन्ही खडे हिरवे असताना फरक काय, पेरिडॉट सापडतो कुठे, आणि प्रयोगशाळेत न पाठवता खरा-खोटा कळतो का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. बहुतेक वेळा कळतो, पण त्यासाठी रंगावर विसंबायचं नाही. हिरवी काच हवा तो रंग धारण करते.

पाचू म्हणजे बेरिल नावाचं खनिज. शुद्ध बेरिल बिनरंगी असतं; त्यात किंचित क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की पाचू होतो. पेरिडॉट हे ऑलिव्हिन, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोहाचं सिलिकेट (सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेलं खनिज). इथे लोह हा पाहुणा नाही, घरातलाच माणूस आहे. स्फटिकात मॅग्नेशियमच्या जागांपैकी साधारण दहातली एक लोहाने घेतलेली असते आणि हिरवेपणा तिथून येतो. म्हणून पेरिडॉट निळा किंवा लाल मिळत नाही. पिवळसर हिरवा, पोपटी, ऑलिव्हच्या फळासारखा, एवढाच त्याचा पल्ला. लोह वाढलं की तपकिरी झाक चढते. तपकिरी खड्यांबाबत एक गंमत आहे: रत्नबाजारात वर्षानुवर्षं 'तपकिरी पेरिडॉट' म्हणून फिरणारे काही खडे तपासले, तर ते सिलिकेटच निघाले नाहीत. 1952 मध्ये त्या खनिजाला सिंहलाइट हे वेगळं नाव मिळालं.

आता तपासणी. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून आत बघा आणि नजर मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडांवर स्थिर करा. पेरिडॉट असेल तर एकेक कड दोन दिसेल, रुळांच्या जोडीसारखी. प्रकाशकिरण आत शिरताच दुभंगतो आणि दोन्ही वाटांच्या अपवर्तनांकात (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याच्या मापात) 0.036 इतका फरक असतो (अंदाजे 1.654 आणि 1.690). पाचूत हाच फरक 0.006च्या आसपास, त्यामुळे तिथे कड एकेरीच भासते. काच आणि स्पिनेल नावाचा कृत्रिम हिरवा खडा यांत दुहेरीपणा नसतोच. एक चूक मात्र सर्रास होते: एकाच कोनातून बघून निकाल द्यायचा. स्फटिकात अशा काही दिशा असतात जिथून किरण दुभंगत नाही. खडा तीन-चार बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय 'काच' म्हणू नका.

दुहेरी कड म्हणजे पेरिडॉटच, असंही नाही. क्रोम डायोप्साइड आणि हिरवा झिरकॉन या दुसऱ्या हिरव्या रत्नांमध्येही ती दिसू शकते. डायोप्साइडचा हिरवा सहसा गडद असतो. झिरकॉनला घनता उघडं पाडते.

घनतेसाठी 0.001 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून आकडा शून्य करा. खडा अगदी बारीक धाग्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. खडा 1.000 ग्रॅम, म्हणजे 5 कॅरट, आणि आकडा 0.300 आला, तर घनता 3.33. पेरिडॉट 3.3 ते 3.4च्या दरम्यान बसतो. पाचू 2.7, हिरवी टूर्मलिन 3.06, कृत्रिम स्पिनेल 3.64, झिरकॉन तर 4 ते 4.7पर्यंत जातो. डायोप्साइड मात्र 3.3च्या जवळच येतो, तिथे ही पद्धत मदत करत नाही.

उत्तर चुकतं ते बहुधा बुडबुड्यांमुळे. खड्याला चिकटलेला एक बुडबुडाही जास्त पाणी सारतो आणि घनता खोटी कमी येते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे सुटतात. खडा तळाला टेकला तर आकडा एकदम उसळतो, ते लगेच लक्षात येतं. दोनच दशांश दाखवणाऱ्या काट्यावर एक कॅरटचा खडा तोलू नका. 0.20 भागिले 0.06 हे 3.33 खरं, पण शेवटचा अंक एकाने सरकला की उत्तर 2.86 किंवा 4.00 होतं.

भिंगातून आत कमळाच्या पानासारखी गोल, चकचकीत चकती दिसली तर ती जपा. मधोमध बहुधा क्रोमाइट या खनिजाचा काळा कण असतो आणि त्याच्याभोवती ताणामुळे पडलेली चीर. नैसर्गिक पेरिडॉटची ही जवळजवळ सहीच. काचेत याऐवजी गोल बुडबुडे आणि वळणदार रेघा असतात.

उगमाकडे येऊ. भूकवचाखालच्या प्रावरणाचा वरचा भाग मुख्यतः ऑलिव्हिनचाच आहे, त्यामुळे खनिज दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो पैलू पाडण्याजोगा स्वच्छ तुकडा. तो दोन वाटांनी वर येतो. एक, बेसॉल्टचा लाव्हा खालच्या खडकाचे ढेकूळ उचलून झपाट्याने वर आणतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधलं सॅन कार्लोस या प्रकारातलं. तिथे दाणे बरेच, पण लहान आणि तडकलेले. दोन, प्रावरणाचा खडक भूहालचालींत वर ढकलला जातो आणि त्याच्या भेगांत मोठे, रेखीव स्फटिक वाढतात. तांबड्या समुद्रातलं इजिप्तचं झबरगाद बेट आणि पाकिस्तानातला कोहिस्तान ही त्याची उदाहरणं. झबरगादचे खडे प्राचीन काळापासून माहीत आहेत. कोहिस्तानचा माल 1990च्या दशकात बाजारात आला, त्यात कधी कधी लुडविगाइट या खनिजाच्या काळ्या सुया दिसतात. म्यानमारमधलं मोगोक आणि चीन हेही मोठे स्रोत. पॅलेसाइट उल्कांमध्ये लोह-निकेलच्या जाळीत ऑलिव्हिन अडकलेलं असतं आणि त्यातूनही खडे काढतात, पण ते क्वचितच मोठे व निर्मळ असतात.

वापरताना लक्षात ठेवा, मोह्सच्या मापावर, जिथे हिरा 10 असतो, याची कठीणता 6.5 ते 7 आहे. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) असतं, त्याची 7. कोरड्या फडक्याने पुसलात तर पैलूंच्या कडा हळूहळू बोथट होतात. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश वापरा. कठीणता कमी असल्यामुळे रोज वापरायच्या अंगठीपेक्षा हा गळ्यात किंवा कानात बरा. वाफ आणि अल्ट्रासॉनिक यंत्र टाळा. आणि दागिना दुरुस्तीला देताना खडा आधी काढून घ्यायला सांगा. डाख लावताना ज्योतीची आच एका बाजूने लागली की तो तडकतो, आणि नंतर सोनं उजळायला दागिना गरम आम्लात बुडवला की तडकला नसला तरी त्याची झिलई जाते.